वाडी रत्नागिरीची चैत्री यात्रा व वारणेची सरहद्द

१. कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्याच्या नजरेच्या टप्प्यांत, एक डोंगर सभोंवारच्या सपाटीपासून वेगळा उठलेला दिसतो. त्याच्या माथ्यावरील गांवाचें नांव वाडी रत्नागिरी. परंतु मुलुखांत त्यास जोतिबाचा डोंगर असेंच म्हणतात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ३,१०० फूट आहे. गांवांत वस्ती मुख्यत्वें पुजारी गुरवांची. देवाचीं नांवें दोन : पोथींत केदारनाथ व लोकांच्या तोंडीं जोतिबा. दर वर्षीं चैत्री पौर्णिमेस येथें जी यात्रा भरते, तिचें वर्णन आजपर्यंत पुष्कळांनीं केलें आहे व गुलालाच्या वर्षावाची हकीकत पुन्हां सांगण्याची गरज नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच कीं, या यात्रेंतील मानाचा क्रम हा स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा म्हणून वाचावा, आणि तो वाचला असतां १७३१ च्या वारणेच्या तहापूर्वींच्या मुलुखाचें चित्र त्यांत कसें टिकून राहिलें आहे, तें दाखवावें.

२. प्रथम यात्रेचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. जोतिबाचा वार रविवार. माघांतील रविवारीं कोल्हापुराहून अनवाणी डोंगर चढून जाण्याचा परिपाठ आहे. त्यास खेटे घालणें म्हणतात. परंतु वर्षाचा मुख्य दिवस चैत्री पौर्णिमेचा. रब्बीचीं पिकें घरांत आलेलीं, मृगास अवकाश, असा हा कुणब्याच्या सवडीचा काळ असल्यामुळें गांवेंच्या गांवें डोंगराची वाट धरतात. येणारा प्रत्येक मोठा गांव आपली सासनकाठी घेऊन येतो. सासनकाठी म्हणजे तीस फुटांपासून कित्येकदां त्याच्या दुपटीपर्यंत उंचीचा बांबू. त्यास रंगीत वस्त्रें गुंडाळलेलीं असतात व शेंड्यास बांधलेल्या दोऱ्या चहूंकडून माणसांनीं धरलेल्या असतात. काठी पेलणारा ती खांद्यावर, कमरेवर किंवा तळहातावर घेऊन वाद्यांच्या ठेक्यावर नाचवितो. दुपारीं मानाच्या काठ्यांची मिरवणूक निघते. सायंकाळीं देवाची पालखी मुख्य देवळांतून निघून गांवाबाहेरील यमाईच्या देवळास जाते. तेथें यमाई व जमदग्नि यांच्या विवाहाचा विधि होऊन पालखी रात्रीं परत येते.

सासन हा शब्द संस्कृत शासन याचा तद्भव असून, जुन्या मराठींत राजाज्ञा अथवा दानपत्र या अर्थीं तो येतो. काठीच्या नांवांत हाच अर्थ असेल, तर ही काठी केवळ नवसाची वस्तु न ठरतां गांवाच्या मान्य झालेल्या अधिकाराची खूण ठरते. व्युत्पत्तीवर फार मोठी इमारत उभारूं नये हें खरें. तथापि काठ्यांच्या क्रमावरून गांवागांवांत जी चुरस असते तिच्याशीं हा अर्थ चांगला जुळतो.

३. आतां डोंगरावरील इमारतींकडे वळूं. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या चोविसाव्या, म्हणजे कोल्हापूरच्या, खंडांत या देवळांचे कर्ते व सन दिले आहेत. पुढील बहुतेक लेखकांनीं तेच उचलले. त्याप्रमाणें मूळचें देऊळ नावजी नांवाच्या भक्तानें बांधलें. हा नावजी कऱ्हाडजवळील किवळ गांवचा, अशी परंपरा आहे. त्या देवळाच्या जागीं राणोजी शिंद्यानें १७३० सालीं हल्लींचें देऊळ बांधलें. त्याची लांबी ५७ फूट, रुंदी ३७ फूट व शिखरासह उंची ७७ फूट दिली आहे. शेजारचें केदारेश्वराचें देऊळ दौलतराव शिंद्यानें १८०८ सालीं बांधलें. रामलिंगाचें लहान देऊळ सुमारें १७८० चें असून तें मालजी निळम पन्हाळकर याचें. चोपडाईचें देऊळ प्रीतिराव हिंमतबहादुरानें १७५० सालीं उभारलें. गांवाबाहेरील यमाईचें देऊळ राणोजी शिंद्याचेंच. त्यापुढील दोन तीर्थांपैकीं जमदग्नितीर्थ राणोजीनें, व दुसरें जिजाबाई राणीसाहेबांनीं सुमारें १७४३ सालीं बांधलें.

ही यादी वाचतांना सन व नांवें यांपलीकडे एका गोष्टीकडे लक्ष दिलें पाहिजे. जिजाबाई ही करवीरच्या संभाजी महाराजांची राणी. हिंमतबहादूर चव्हाणांचें घराणें करवीरच्या आघाडीच्या सरदारांपैकीं. उलट राणोजी शिंदे हा कोरेगांव तालुक्यांतील कण्हेरखेडचा, म्हणजे सातारच्या बाजूचा, व बाजीराव पेशव्याच्या पदरचा. एकमेकांविरुद्ध हत्यार धरलेल्या दोन राज्यांतील माणसांनीं एकाच माथ्यावर, एकाच देवाच्या परिवाराचीं स्थानें एका पिढीच्या आंत बांधलीं. हें घडलें कसें, हा या लेखाचा खरा प्रश्न.

४. त्या वर्षांचें राजकारण वाचकांस परिचितच आहे. सातारचे शाहू महाराज व करवीरचे संभाजी महाराज यांचा विरोध १७३० सालीं निकरास आला. संभाजी महाराज व त्यांचा सरदार उदाजी चव्हाण यांनीं वारणेकांठीं तळ दिला असतां श्रीपतराव प्रतिनिधीनें छापा घालून त्यांचा मोड केला. ताराबाई हातीं लागून सातारीं आली. पुढें दोघां बंधूंची कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथें भेट झाली, आणि एप्रिल १७३१ मध्यें वारणेचा तह ठरला. त्यानें वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख करवीरकडे व उत्तरेकडील सातारकडे गेला. जोतिबाचा डोंगर वारणा व पंचगंगा यांच्या दुआबांत आहे. अर्थात् तो करवीरच्या हद्दींत राहिला.

येथें तिथीची एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १७३१ च्या एप्रिलांतील तहाची जी तारीख सामान्यतः दिली जाते, ती १३ एप्रिल. ती जुन्या पद्धतीची धरा किंवा नव्या पद्धतीची. गणितानें ती दोन्ही पक्षीं शके १६५३ च्या चैत्र महिन्यांतच पडते. एका पक्षीं ती पौर्णिमेच्या आठवडाभर आधीं, दुसऱ्या पक्षीं पौर्णिमेनंतर दोनतीन दिवसांनीं. ज्या महिन्यांत वारणेच्या उत्तरेकडील गांवांच्या काठ्या नदी उतरून डोंगराकडे जावयाच्या, त्याच महिन्यांत ती नदी दोन राज्यांची सरहद्द ठरली. यात्रेकरूंच्या वाटेवर एक नवी रेघ आली, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

५. या पार्श्वभूमीवर राणोजी शिंद्याच्या देवळाचा १७३० हा सन तपासून पाहिला पाहिजे. गॅझेटियरकार सनाचा आधार देत नाहींत. तो जसाच्या तसा स्वीकारण्यास दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण स्थळाची. १७३० सालीं वारणेकांठीं उघड युद्ध चालू होतें व हा डोंगर करवीरकरांची राजधानी जो पन्हाळा त्याच्या सावलींत होता. अशा वर्षीं सातारपक्षाच्या सरदारानें तेथें जुनें देऊळ उतरवून नवें शिखर चढवावें, हें अशक्य नसलें तरी सहजासहजीं पटणारें नाहीं. पाथरवट, गाडे, पैसा यांची ये-जा शत्रूच्या मुलुखांतून व्हावयाची.

दुसरी अडचण द्रव्याची. राणोजीचा उत्कर्ष माळव्याशीं बांधलेला आहे. माळव्यांतील मुलुखाची वांटणी होऊन उज्जनीस त्याचें ठाणें कायम झालें, तें १७३१ च्या सुमारास. त्यापूर्वीं तो पराक्रमी व विश्वासू सरदार होता, पण एवढ्या खर्चास पुरून उरेल असा संपन्न नव्हता. मुख्य देऊळ, यमाईचें देऊळ व जमदग्नितीर्थ हीं तिन्ही कामें त्याच्या नांवावर आहेत. तीं माळव्याच्या उत्पन्नावर झालीं असें मानणेंच अधिक सयुक्तिक आहे.

सबब १७३० हा सन फार तर संकल्पाचा किंवा आरंभाचा समजावा. कामाचा काळ तहानंतरचा, म्हणजे १७३१ पासून १७४५ मध्यें राणोजी वारला तोंपर्यंतचा धरावा. जिजाबाईचें तीर्थही याच अवधींतील आहे, हें या मतास पोषक होय. तह झाला, वाट मोकळी झाली, आणि दोन्ही बाजूंचे हात एकाच वेळीं कामास लागले, असा अर्थ त्यांतून निघतो.

६. परंतु शिंद्यांची भक्ति देवळाइतकीच नवी होती काय? तसें नाहीं, व त्याचा पुरावा डोंगरावर नसून शिंद्यांच्या वंशावळींत आहे. राणोजीच्या पुत्रांत जयाप्पा, दत्ताजी, तुकोजी व महादजी यांच्याबरोबर जोतिबा नांवाचा एक पुत्र होता. तो १७४२ च्या सुमारास ओरछ्याकडे दग्यानें मारला गेला. मारला गेला तेव्हां तो फौजेसह मोहिमेवर होता. त्याचें वय वीस धरलें तरी जन्म १७२२ च्या आसपास येतो. म्हणजे माळव्याचा पैसा हातीं येण्यापूर्वीं व वारणेचा तह होण्यापूर्वीं कण्हेरखेडच्या या घरांत मुलास देवाचें नांव ठेवलें गेलें होतें. पुढच्या पिढींत तुकोजीच्या पुत्राचें नांव केदारजी. महादजीच्या वेळच्या वारसाच्या तंट्यांत हें नांव वारंवार येतें. देवाचीं दोन नांवें, आणि घराण्यांत दोन पिढ्यांत तीं दोन्ही आलीं. याला निव्वळ योगायोग म्हणणें कठीण.

यावरून असें ठरतें कीं, शिंद्यांनीं डोंगराला मोठेपणा दिला, परंतु डोंगराशीं नातें त्यांनीं नव्यानें जोडलें नाहीं. सातारच्या बाजूच्या कुणबी-मराठा घरांत जी भक्ति पूर्वींपासून होती, तीच या घराण्यांत होती. वैभव आल्यावर ती दगडांत उतरली.

७. आतां मूळ मुद्द्याकडे, म्हणजे काठ्यांच्या क्रमाकडे येऊं. मिरवणुकींत पहिला मान सातारा तालुक्यांतील निनाम-पाडळीच्या काठीचा आहे. दुसरा मान पाटण तालुक्यांतील, कोयनेकांठच्या विहे गांवचा. करवीरचे छत्रपति, हिंमतबहादूर चव्हाण व ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या काठ्याही मानाच्या यादींत आहेत. नावजी भक्ताच्या किवळ गांवास मान आहे, तसाच कसबे डिग्रज व कसबा सांगांव यांसही आहे. परंतु अग्रस्थानीं कोण, तर पाडळी व विहे. आणि हीं दोन्ही गांवें वारणेच्या पुष्कळ उत्तरेस, तहानें सातारकडे गेलेल्या मुलुखांत आहेत.

ज्यांनीं देवळें बांधलीं ते मागें, आणि ज्यांच्या नांवावर एकही शिखर नाहीं तीं गांवें पुढें. ज्यांच्या राज्यांत देव होता ते राजे मागें, आणि ज्या गांवांवर त्यांचा अंमल नव्हता तीं पुढें. मानपानाच्या बाबतींत मराठी समाज किती दक्ष असतो, हें कोणत्याही वतनी घराण्याचें दफ्तर उघडलें असतां समजतें. पाटीलकीचा विडा आधीं कोणास, होळीची पोळी आधीं कोणाची, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या गोतसभा भरल्या व महजर झाले. अशा समाजांत परमुलुखांतील कुणब्यांच्या काठीस छत्रपतींच्या काठीपुढें स्थान असावें, ही गोष्ट अर्थशून्य असूं शकत नाहीं.

तिचा सरळ अर्थ असा कीं, हा क्रम करवीर राज्य स्वतंत्र होण्यापूर्वीं, निदान वारणा ही सरहद्द होण्यापूर्वीं बसलेला असावा. त्या काळीं पाडळी, विहे, किवळ हीं गांवें व हा डोंगर यांच्यामध्यें परकेपणा नव्हता. तह झाला तेव्हां मुलुखाची वांटणी झाली, महालांची झाली, ठाण्यांची झाली; काठ्यांचा क्रम मात्र कोणीं वांटून घेतला नाहीं. राजे व सरदार पुढें आले ते आधींच्या ओळींत आपली जागा घेऊन उभे राहिले.

८. पालखीच्या मार्गांतही हेंच दिसतें. पालखी ज्या यमाईकडे जाते तिचें मूळपीठ औंध येथें, वारणेच्या उत्तरेस. आणि औंधची यमाई ही प्रतिनिधींची कुलदेवता. ज्या श्रीपतराव प्रतिनिधीनें १७३० सालीं करवीरकरांचा तळ लुटला, त्याच्याच कुलदेवतेच्या भेटीस करवीर राज्यांतील देवाची पालखी दर चैत्रीस जात राहिली. त्या देवीचें देऊळ बांधणारा शिंदे सातारपक्षाचा, व देवळापुढील तीर्थ बांधणारी राणी करवीरची. केदारविजय या पोथींत पौगंड ऋषि व विमलांबुजा यांच्या पोटीं देवाचा अवतार, रत्नासुराचा वध व कोल्हापूरच्या देवीस केलेलें साहाय्य यांची कथा आहे. पोथी देवाला करवीरक्षेत्राशीं बांधते. यात्रा त्याला औंधाशींही बांधते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय या दैवताचा खरा मुलूख ध्यानांत येणार नाहीं.

९. या प्रतिपादनावर आक्षेप येण्यासारखे आहेत. त्यांचा विचार येथेंच केलेला बरा. पहिला आक्षेप असा कीं, वहिवाट ही बदलणारी गोष्ट आहे. आजचा क्रम उद्यां फिरतो. मग त्यावरून जवळजवळ तीनशें वर्षांमागील अनुमान कसें काढावें? उत्तर असें : वहिवाट बदलते ती बहुधा बलवानाच्या बाजूनें बदलते. क्रम जर मागाहून लावला असता, तर ज्याच्या हद्दींत देव त्या राजाची काठी किंवा ज्यानें देऊळ बांधलें त्या सरदाराची काठी पुढें आली असती. तसें झालेलें नाहीं. जी व्यवस्था सत्तेच्या सोयीची नव्हती व तरीही टिकली, तीच जुनी असण्याचा संभव अधिक.

दुसरा आक्षेप असा कीं, राजांनीं भक्तिभावानें आपणहून रयतेस पुढें केलें असेल. आपल्या रयतेपुरतें हें संभवतें. परंतु येथें मान आहे तो दुसऱ्या राज्याच्या रयतेस. भक्तिभाव मान्य केला तरी विशिष्ट दोन गांवेंच कां, हा प्रश्न राहतो. आणि त्याचें उत्तर पूर्वींचा हक्क यावांचून दुसरें सुचत नाहीं.

अर्थात् या पुराव्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. काठ्यांचा क्रम हा आधीं कोण व मागून कोण एवढें सांगतो. तो शक सांगत नाहीं. शक कागदानेंच ठरावयाचा.

१०. तहाची रेघ पुढें पुष्कळदां पुन्हां आंखली गेली. १८०३ मध्यें असईची लढाई होऊन वर्षाअखेर सुर्जी-अंजनगांवच्या तहानें शिंद्यांचें दक्षिणेंतील बळ खचलें. त्यानंतर पांचव्या वर्षीं, स्वतः उत्तरेंत असलेल्या दौलतरावानें केदारेश्वराचें देऊळ बांधविलें. जहागिरी गेल्या तरी डोंगराशीं असलेला संबंध त्यानें तोडला नाहीं. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा होऊन वारणेच्या उत्तरेस इंग्रजी अंमल आला, व पाडळी-विह्याच्या काठ्या इंग्रजी जिल्ह्यांतून संस्थानी हद्दींत येऊं लागल्या. १९४८ सालीं ग्वाल्हेर मध्यभारतांत गेलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई इलाख्यांत विलीन झालें. अशा रीतीनें २१८ वर्षांनीं वारणा ही दोन राज्यांची सीमा राहिली नाहीं. हल्लीं देवस्थानाचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. राज्यें गेलीं, संस्थानें गेलीं. मानाच्या यादींत छत्रपति, चव्हाण, शिंदे व पाडळी-विहे हीं नांवें मात्र शेजारीं शेजारीं राहिलीं.

२०२० व २०२१ या दोन वर्षीं महामारीमुळें यात्रा भरली नाहीं. मोजक्या लोकांत विधि झाले. याचा उल्लेख मुद्दाम करण्याचें कारण असें कीं, जो पुरावा वर्षांतून एकदां माणसांच्या पायांनीं लिहिला जातो, तो दोन वर्षें लिहिला न गेल्यास किती नाजूक ठरतो हें त्या वेळीं दिसून आलें. पेटींतील कागद दोन वर्षें न उघडल्यानें बिघडत नाहीं. वहिवाट बिघडूं शकते.

११. म्हणून संग्राहकांस एक विनंती. मोठ्या घराण्यांचीं दफ्तरें बरींच पाहिलीं गेलीं व छापलींही गेलीं. या प्रश्नाचा उलगडा तेथें होण्यापेक्षां काठी सांभाळणाऱ्या गांवांतील पाटील, मानकरी व डोंगरावरील गुरव यांच्या घरच्या रुमालांत होण्याचा संभव अधिक. तेथें तीन प्रकारचे कागद विशेषेंकरून पाहावे. पहिला, काठीच्या मानाविषयींचे तंटे, करीने व महजर. कारण हक्काचा जुनेपणा वादी-प्रतिवादींनीं तंट्यांतच सांगितलेला असतो. दुसरा, यात्रेकरूंस वारणा उतरतांना जकात माफ केल्याचीं किंवा वाटेंत उपद्रव न करण्याविषयींचीं ताकीदपत्रें. असलें एखादें पत्र तहाच्या पुढील दहावीस वर्षांतलें मिळाल्यास वर केलेल्या अनुमानाची कसोटी लागेल. तिसरा, सतराव्या शतकांतील पाटील-कुणब्यांच्या नांवनिशीवार याद्या; त्यांत जोतिबा, केदारी, केदारजी अशीं नांवें कोणत्या गांवांत किती येतात हें मोजलें, तर देवाच्या मुलुखाचा नकाशा तहापूर्वींचा काढतां येईल.

असे कागद दिसण्यांत क्षुद्र असतात. त्यांवर राजमुद्रा नसते, अक्षर वाईट असतें, व वाळवीचा पहिला हक्क त्यांवरच असतो. परंतु वारणेच्या तहाचीं कलमें आपणांस राज्यांचा विभाग सांगतात. लोकांचा विभाग झाला कीं नाहीं, हें सांगणारा कागद पाडळीच्या किंवा विह्याच्या एखाद्या कोनाड्यांतच सांपडावयाचा. तो हातीं लागेपर्यंत चैत्री पौर्णिमेस पुढें चालणारी काठी हाच त्याचा उपलब्ध उतारा समजावा, व तो जपून वाचावा.